विष कोठें आहे?

वाचकहो, खेड्यापाड्यांतून फिरतांना दोन प्रकारचीं मतें आमच्या कानीं पडतात. कोणी म्हणतो, "विष काय तें दुकानांतल्या बाटलींत, जमिनींतून आपोआप उगवतें तें सारें निर्मळ." दुसरा म्हणतो, "वनस्पतींतही विष असतेंच. मग फवारणीच्या औषधाचा एवढा बाऊ कशाला?" हीं मतें परस्परविरुद्ध दिसतात, परंतु दोहोंचा परिणाम एकच, तो हा कीं, विचार करण्याचें ओझें मनावरून उतरतें. तें ओझें आज आपण पुन्हा उचलून पाहूं.

पहिलें मत घेऊं. झाडास पाय नाहींत. किडीपासून त्यास पळून जातां येत नाहीं. म्हणून स्वसंरक्षणार्थ तें आपल्या अंगींच विष तयार करितें. धोतऱ्याचें व एरंडाचें बीं, उन्हानें हिरवा पडलेला बटाटा, तंबाखूचें पान, हीं त्याचीं उदाहरणें होत. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ ब्रूस एम्स व त्यांचे सहकारी यांनीं 1990 सालीं असा हिशेब मांडिला कीं, त्या देशांतील लोकांच्या आहारांत जीं कीटकनाशक द्रव्यें जातात, त्यांपैकीं वजनानें 99.99 टक्के वनस्पतींनीं स्वतःच बनविलेलीं असतात. त्यांतील बहुतेकांची मात्रा इतकी अल्प असते कीं, शरीर तीं सहज पचवितें. पण सर्वच तशीं नसतात.

लाखेची डाळ पाहा. तिला कोणी लाखोळी, कोणी खेसारी म्हणतात. पाण्यावांचून गहूं बुडाला तरी लाख तगते. म्हणून दुष्काळांत गरिबांच्या ताटांत तीच उरते. थोडी खाल्ल्यानें सहसा बाधत नाहीं. परंतु महिनोन् महिने तीच मुख्य अन्न झाली, म्हणजे पाय ताठतात आणि धडधाकट माणूस जन्माचा पांगळा होतो. स्लीमन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें सागर भागांतील अशा लोकांची हकीकत 1844 सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केली आहे. पुढें रेवा भागांत जमीनदार बांधलेल्या मजुरांस मजुरी म्हणून हीच डाळ घालीत असत. ती डाळ कोणत्याही कारखान्यांत बनली नव्हती.

तर मग दुसरें मत खरें ठरतें काय? मुळींच नाहीं. सोळाव्या शतकांतील वैद्य पॅरासेल्सस यानें शिकविलें कीं, विष हें मात्रेनें ठरतें. भाजीच्या पानावर राहिलेला औषधाचा अंश निराळा, आणि दिवसभर पंप पाठीवर घेऊन चालणाऱ्याच्या अंगावर पडणारा तुषार निराळा. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकें मज्जातंतूंच्या कामाचें नियमन करणारें एक द्रव्य निकामी करितात. मग लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. 2017 सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना शेंकडों शेतकरी व मजूर विषबाधेनें आजारी पडले, आणि सुमारें वीस जण दगावले. त्या वर्षीं पऱ्हाटी फार उंच वाढली होती. त्यामुळें औषध थेट तोंडावर येत होतें.

आतां एक नवल पाहा. या विषबाधेवर वैद्य ॲट्रोपीन हें औषध टोंचतात, आणि तें द्रव्य धोतऱ्यांतही सांपडतें. म्हणजे वनस्पतीचें विष कारखान्याच्या विषावर उतारा होतें! तेव्हां एखादी वस्तु झाडापासून आली कीं कारखान्यांतून, एवढ्यावरून ती चांगली कीं वाईट हें ठरत नाहीं.

मग खरा प्रश्न कोणता? आमच्या मतें तो हा: विष कोणाच्या अंगावर पडतें, आणि तें कोणाच्या सोयीसाठीं? रेव्याचा जमीनदार स्वतः गहूं खाई व लाख मजुरास देई. आजही पीक एकाचें आणि पंप दुसऱ्याच्या पाठीवर, असें पुष्कळ शेतांत दिसतें. बोंडअळीनें पीक गेलें तर कर्ज कसें फिटेल, ही शेतकऱ्याची चिंता खोटी नव्हे. फवारणी पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जो धोका आपण स्वतःच्या मुलास घेऊं देणार नाहीं, तो रोजच्या मजुरीच्या मोबदल्यांत दुसऱ्याच्या मुलावर घालणें न्याय नव्हे. "तो आपखुशीनें आला," हें उत्तर पुरत नाहीं. ज्याच्या घरीं चूल पेटावयाची आहे, त्याची खुशी ती केवढी?

आणि अज्ञानाचा भारही जाणत्यावरच येतो. 2013 सालीं बिहारच्या सारण जिल्ह्यांतील एका शाळेंत दुपारचें जेवण जेवून 23 मुलें मरण पावलीं. स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस मिसळलेलें होतें. म्हणून औषधाचा रिकामा डबा घरांत कधींही वापरूं नये. तो भोंकें पाडून निकामी करावा. वाऱ्याकडे तोंड करून फवारूं नये. हात धुतल्यावांचून विडी-तंबाखूस शिवूं नये. हातमोजे व तोंडावरील पट्टी देणें हें मालकाचें कर्तव्य समजावें. जे शिक्षक बंधु हें पत्र इतरांस वाचून दाखवितात, त्यांनीं डब्यावरील रंगाची खूण अवश्य समजावून सांगावी: तांबडा रंग सर्वांत घातक, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. ज्यास अक्षर येत नाहीं, त्यास रंग तर कळतो.

विष बाटलींत आहे, बियांतही आहे. परंतु शेजाऱ्याच्या जिवाविषयींची बेपर्वाई हें असें विष आहे कीं, त्याची अल्प मात्राही निरुपद्रवी नसते.