पोळीची सुरळी

ताटाला डावी-उजवी बाजू असते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. कोणत्या घासाला चटणी लावायची आणि किती, हे जेवणारा ठरवतो. पोळीत सगळं भरून सुरळी केली की ही मोकळीक संपते. डावं-उजवं एकत्र गुंडाळलं जातं आणि प्रत्येक घासाचं प्रमाण करणाऱ्याच्या हाती जातं. चटणी एकाच टोकाला गोळा झाली, तर दुपारी ऑफिसात कुणाला तरी ठसका लागणार आणि दुसऱ्या टोकाचे घास अळणी जाणार. म्हणून सुरळीला घाईतला डबा म्हणतात ते मला पटत नाही.

कोलकात्याचा काठी रोल किंवा मुंबईत १९६९ च्या सुमारास आलेली फ्रँकी तव्यावरून थेट हातात येते आणि उभ्या उभ्या संपते. डब्याचं तसं नाही. सकाळी साडेआठला भरलेली सुरळी एक वाजता उघडायची, आणि मधल्या वेळात ओल आपलं काम करत राहते. मिठाने काकडीला पाणी सुटतं, पोळी ते पिते आणि सुरळी तळाशी फाटते. गरम पोळीत सारण भरून लगेच झाकण लावलं, तर तिची तीच वाफेने ओली होते. तेव्हा पोळी आधी जाळीवर निवू द्यावी, पण कडक होण्याआधी भरावी. पहिला थर शेंगदाण्याच्या किंवा कारळाच्या कोरड्या चटणीचा, अगदी कडेपर्यंत पसरलेला. चव देते ती देतेच, वरून झिरपणारं पाणीही धरून ठेवते. त्यावर कोरडी परतलेली मटकीची उसळ. काकडी आणि कांदा लांब चिरून, बिनमिठाचे. मीठ उसळीत असतंच. टोमॅटो बिया काढून घालावा, नाहीतर नकोच. मेयोनीजवाल्यांशी मी वाद घालत नाही. मात्र संध्याकाळपर्यंत भूक लागू द्यायची नसेल, तर उसळीला पर्याय नाही. गव्हात लायसिन कमी असतं, ते मटकी भरून काढते. मटकीत जे कमी, ते गव्हात असतं. पोळी-उसळीची जोडी आपल्याकडे उगाच टिकलेली नाही.

पोळी मात्र घडीची हवी. कणीक अर्धा तास भिजलेली आणि घडीत तेलाचं बोट फिरवलेलं असलं, की पोळी दुपारीही मऊ राहते, वाकवली तरी तुटत नाही. ज्वारीच्या भाकरीकडून ही अपेक्षा करू नये. ज्वारीत ग्लुटेन नसतं. पीठ उकळत्या पाण्यात मळलं तरी निवलेली भाकरी दुमडताना मोडतेच. शेतात लोक भाकरी उघडीच हातावर घेतात, वर झुणका आणि ठेचा ठेवतात आणि कडेने मोडत खातात. ताटाचं काम भाकरीच करते, आणि प्रमाण पुन्हा खाणाऱ्याच्या हातात येतं! तिला गुंडाळायच्या भानगडीत पडूच नये.

सुरळीसाठी खरा वेळ लागतो तो मटकीला. भिजणं आणि मोड येणं धरून चोवीस तास तरी हवेत. परवाच्या डब्यात द्यायची असेल, तर आज रात्रीच भिजत घाला.