न केलेल्याचा हिशेब

साथीत दगावलेल्या बाळंतिणींची आणि बाळांची मोजदाद करताना आपण नकळत दोन वह्या ठेवतो. विषाणूने नेलं ते साथीच्या वहीत. दवाखाना गाठता न आल्याने किंवा गाठूनही कुणी वेळेवर न पाहिल्याने जे गेलं, ते नशिबाच्या. माझ्या मते हा भेद टिकत नाही. तो का टिकत नाही, हे समजायला गीतेच्या चौथ्या अध्यायातला अकर्माचा विचार पुरेसा आहे: स्वस्थ बसण्यातही कर्म दिसलं पाहिजे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं तेव्हापासून मराठी वाचकाला ही चर्चा ओळखीची आहे. पण आपण ती एकट्यादुकट्या माणसाच्या मोक्षापुरती ठेवली. सरकारं आणि रुग्णालयं तिच्यातून सुटली.

नेपाळचं उदाहरण घ्या. तिथे 24 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली. मेअखेर देशभरात करोनाचे नोंदलेले रुग्ण दीड हजाराच्या आसपास, म्हणजे तुरळकच. तरीही अभ्यासकांनी पाहिलेल्या नऊ रुग्णालयांत आठवड्याला सरासरी 1261 बाळंतपणं होत होती, ती 651 वर आली. हजार जन्मांमागे मृत जन्मणारी बाळं 14 वरून 21 झाली आणि जन्मल्यावर दगावणारी 13 वरून 40. याच अभ्यासातली एक बारीक नोंद मला या आकड्यांहून बोलकी वाटते. प्रसूतीच्या वेळी कर्मचाऱ्यांचं हात धुणं वाढलं आणि पोटातल्या बाळाचे ठोके ऐकणं घटलं. कळा सुरू झाल्या की दर पंधरा मिनिटांनी, फार तर अर्ध्या तासाने, पोटावर यंत्र टेकवून मिनिटभर ठोके मोजायचे असतात. त्यासाठी बाईच्या जवळ जावं लागतं आणि थांबावं लागतं. साथीने नेमकं हेच जवळ जाणं संशयास्पद ठरवलं.

इथे जाणकार हरकत घेतील: घरी बसलेल्या बायका बहुधा धडधाकट असणार, अडलेल्या तेवढ्या रुग्णालयात आल्या, मग मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसणारच. हरकत रास्त आहे, आणि त्या आकड्यांतून काळजी किती खालावली हे नेमकं काढता येत नाही, हे मान्य करायलाच हवं. पण मग न आलेल्या निम्म्या बायका कुठे बाळंत झाल्या, त्यांच्या बाळांचं काय झालं? रुग्णालयाच्या रजिस्टरात त्यांची ओळच नाही. हरकतीने हिशेब हलका होत नाही, त्यातली कोरी पानं तेवढी दिसू लागतात.

दुसरी हरकत अधिक खोल आहे. मारणं आणि वाचवता न येणं एक कसं? डॉक्टरांचा हेतू शुद्ध होता, माणसं अपुरी होती, भीती खरी होती. हे सगळं मला मान्य आहे, आणि म्हणूनच बारा तास किटमध्ये घामाघूम होणाऱ्या नर्सकडे मी बोट दाखवत नाही. पण रस्ते बंद करताना कळा येणाऱ्या बाईने कोणत्या वाहनाने जायचं, हे न ठरवणं हाही निर्णयच होता. हेतू शुद्ध असला की दोष कमी होतो. घडलेली गोष्ट त्यामुळे न घडलेली होत नाही. राहिलं प्रारब्ध. मूल गमावलेल्या आईने तो शब्द उच्चारला तर त्यात तिचा आधार आहे. तोच शब्द अधिकाऱ्याच्या तोंडी आला की ती पळवाट होते.

हीच न करण्याची भूल लसीच्या बाबतीतही पडली. भारतात लसीकरण 16 जानेवारी 2021 ला सुरू झालं. गरोदर स्त्रियांना परवानगी मिळाली ती 2 जुलैला. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली. गरोदरपणी करोना झाला तर अतिदक्षता विभागाची आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची शक्यता वाढते, हे तोवर माहीत झालं होतं. थांबण्याच्या बाजूने थॅलिडोमाइडचा दाखला दिला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही: 1961 मध्ये बाजारातून काढलेल्या त्या औषधाने हजारो मुलं व्यंग घेऊन जन्मली. पण ते औषध गर्भावरचा परिणाम न तपासताच विकलं गेलं होतं. त्यातून धडा घ्यायचा होता नीट तपासण्याचा. घेतला गेला तो गरोदर बाईला चाचणीतूनच वगळण्याचा. मग पुरावा नाही म्हणून लस नाही, आणि चाचणीत घेतलं नाही म्हणून पुरावा नाही. या वर्तुळात कुणीच काही केलेलं नसतं, म्हणून कुणाची सहीही सापडत नाही.