दप्तराची चूक आणि जवानाचे हेलपाटे

सातबाऱ्यावर नाव चुकीचे लागले तर आपला शेतकरी स्वस्थ बसत नाही. तलाठ्याकडे जातो, जुने फेरफार काढतो, तहसीलदारापुढे उभा राहतो, प्रसंगी प्रांताकडे अपील करतो. गावात त्याला कोणी हावरट म्हणत नाही. उलट चार जण 'सोडू नकोस' असेच सांगतात. त्याच गावातला निवृत्त हवालदार 'माझ्या डिस्चार्ज बुकात श्रीलंकेची नोंदच नाही, त्याचे मेडलही मिळाले नाही' असे म्हणाला की मात्र पारावर हसू फुटते. पेन्शन सुरू आहे, कॅन्टीनचा कोटा मिळतो, आता या वयात मेडल घेऊन काय करणार? दोन गुंठ्यांची नोंद म्हणजे हक्क आणि उमेदीच्या सतरा वर्षांची नोंद म्हणजे हट्ट, हा न्याय आपण कुठून आणला?

मला म्हणायचे आहे ते सरळ आहे. राहून गेलेल्या पदकाची नोंद मागणारा माजी सैनिक कसली याचना करत नाही. सैन्यातली नोंद जवान स्वतः लिहीत नाही, त्याच्या वतीने दप्तर लिहिते. मग चूक शोधणे, सिद्ध करणे आणि दुरुस्त करून घेणे हा सगळा भार त्याच्याच डोक्यावर का? ज्याने लिहिले त्यानेच निस्तरावे, एवढी साधी नीती आपण सरकारी दप्तराला लावत नाही आणि स्वतःलाही लावत नाही.

इथे एक गल्लत आधी दूर करायला हवी. पदक म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे परमवीरचक्र, वीरचक्र येते. ती शौर्याची पदके. त्यांना शिफारस लागते, निवड लागते. पण जवानाच्या छातीवरच्या बहुतेक फिती सेवापदकांच्या असतात. १९६० साली सुरू झालेल्या सैन्य सेवा मेडलवर हिमालय, जम्मू-काश्मीर अशी क्लॅस्प म्हणजे पट्टी लागते. १९७१च्या युद्धासाठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. बर्फातल्या नोकरीसाठी सियाचीन ग्लेशियर मेडल. १९८७ ते १९९० या काळात शांतिसेनेतून श्रीलंकेत गेलेल्यांसाठी स्पेशल सर्व्हिस मेडलवर 'श्रीलंका' ही क्लॅस्प. कारगिलसाठी ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल. यांतले कोणतेही पदक कुणाच्या मर्जीवर नाही. अमुक प्रदेशात अमुक काळ सेवा, अशी अट ठरलेली असते. अट पुरी झाली की पदक देणे लागते, आणि देणे लागणाऱ्याने उपकाराची भाषा करायची नसते.

मग नोंद सुटते कशी? जवानाची बदली, बढती, लग्न, अपत्य, जखम, मोहिमेवरची हजेरी हे सगळे त्याचे युनिट 'पार्ट टू ऑर्डर'ने प्रसिद्ध करते. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला पोचते आणि तिथे त्याच्या शीट रोलवर चढते. या साखळीतली एक कडी निसटली की काम संपले. जवान एका पलटणीचा, पण तात्पुरता दुसऱ्या युनिटला अटॅच. मूळ पलटण म्हणते ते लिहितील, ते म्हणतात मूळ पलटण लिहील. कोणी मोहिमेतून थेट इस्पितळात गेला आणि तिथूनच मेडिकल बोर्डावर घरी आला. कोणाचा आर्मी नंबर लिहिताना एक आकडा इकडचा तिकडे झाला. यांत कुणाचा दुष्टावा नसतो, फक्त कुणाचे लक्ष नसते. दुष्टावा असता तर निदान भांडायला समोर कोणी असते.

माण तालुक्यातल्या एका निवृत्त नायकाचे डिस्चार्ज बुक मी पाहिले आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी लोखंडी ट्रंकेत, ट्रंकेवर कुलूप. पदकांच्या रकान्यात निळ्या शाईने तीन नोंदी : सैन्य सेवा मेडल, नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचे मेडल आणि स्वातंत्र्याच्या पन्नाशीचे मेडल. जाफन्याच्या रस्त्यांवर त्याने अटॅचमेंटवर असताना ट्रक चालवला, पुढे सुरुंग आहे की नाही हे चाकाखाली कळणार अशा रस्त्यांवर. त्याचा मागमूस त्या बुकात नाही. त्याने अर्ज केला. उत्तर आले, 'आपल्या सेवा अभिलेखात अशी नोंद आढळत नाही. पुरावा असल्यास सादर करावा.'

पुरावा कुठून आणायचा? जवानाला ऑर्डरची नक्कल जवळ ठेवता येत नाही. कुठे आहोत हे घरी लिहिता येत नाही. त्याच्या पत्त्यात गावाचे नावच नसते; युनिट लिहायचे आणि खाली 'द्वारा ५६ एपीओ'. त्या नायकाच्या बायकोने जपून ठेवलेली आंतर्देशीय पत्रे त्याने मला दाखवली. 'मी खुशाल आहे, काळजी करू नये', आणि पत्त्याच्या जागी तेच ५६ एपीओ. ज्या शिस्तीने त्याला ठिकाण लपवायला लावले, तीच व्यवस्था आज त्याला ठिकाण सिद्ध कर म्हणते. युनिटची वॉर डायरी, गाड्यांची लॉगबुके, पगाराच्या नोंदी हे सगळे सरकारच्याच ताब्यात. घरमालकाने कपाटाची किल्ली खिशात ठेवायची आणि भाडेकरूला पावती दाखव म्हणून दटावायचे, तसला हा प्रकार.

'एका फितीचे एवढे काय' म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की ज्या दप्तरात पदक सुटते त्याच दप्तरात भाकरीही सुटते. युद्धात झालेली जखम 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणून नोंदली गेली तर युद्धजखमी पेन्शन. तीच जखम साधी इजा म्हणून चढली तर पेन्शन वेगळी आणि बरीच कमी. पत्नीच्या बाबतीत तर आपल्याकडे घरोघरी हाच घोळ आहे. लग्नात नाव बदलले, पण शीट रोलवर माहेरचेच राहिले. आधार कार्डावर तिसरेच. नवरा असेपर्यंत कोणाला पत्ता नसतो. तो गेल्यावर ती बाई फॅमिली पेन्शनसाठी जाते आणि तिला विचारले जाते, 'ही तुम्हीच कशावरून?' चाळीस वर्षे पलटणीच्या पत्राची वाट पाहिलेल्या बाईला हा प्रश्न ऐकावा लागणे, यापेक्षा दप्तराची मोठी नाचक्की कोणती?

लष्करी सेवेची नोंद केवढी ताकदीची असते हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवले. त्यांच्या हाती सत्ता नव्हती, पैसा नव्हता; होता तो पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला. कोरेगावच्या स्तंभावर १८१८च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरलेली होती, म्हणूनच १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथे जाऊन त्या नावांच्या साक्षीने बोलू शकले. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यामागे ही सगळी चिकाटी होती. ती नावे कोरायची राहून गेली असती तर पुढच्या पिढ्यांनी कशाकडे बोट दाखवले असते? नोंदीतून जो गळतो तो आधी पुस्तकातून गळतो आणि मग हक्कातून.

नोंदी कोणाच्या सुटतात हाही प्रश्न विचारला पाहिजे. एप्रिल १९४५ मध्ये इटलीत सेनिओ नदीच्या काठी अहमदनगर जिल्ह्यातल्या शिपाई नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाठीवर वाहून आणले आणि एकट्याने मशिनगनची ठाणी मोडली. काही महिन्यांतच त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्याच इटलीत, त्याच महिन्यात व्हर्नन बेकर हा कृष्णवर्णीय अमेरिकन लेफ्टनंट तसाच पराक्रम गाजवत होता. दुसऱ्या महायुद्धातल्या एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला त्या काळात अमेरिकेचे सर्वोच्च पदक मिळाले नाही. १९९० नंतर सैन्याने स्वतः जुनी दप्तरे तपासायला लावली आणि १३ जानेवारी १९९७ रोजी सात जणांना ते पदक दिले. सातांपैकी हयात होते एकटे बेकर. बावन्न वर्षांचा उशीर झाला, पण चूक आमची आहे आणि शोधायचीही आम्हीच, हे त्या सैन्याला कबूल करावे लागले.

त्याच अमेरिकेत १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या अभिलेख केंद्राला आग लागली आणि दीड कोटीहून अधिक सैनिकांची कागदपत्रे खाक झाली. दुसरी प्रत नव्हती. तरी 'नोंद आढळत नाही' म्हणून बोळवण न करता पगारपत्रके, इस्पितळांची रजिस्टरे, रोजच्या हजेरीचे अहवाल जुळवून नोंदी पुन्हा उभ्या करण्याचे काम सुरू झाले. तिथल्या कायद्यात लष्करी नोंद दुरुस्त करण्यासाठी स्वतंत्र मंडळे आहेत आणि दुरुस्तीची कारणे दोन आहेत : चूक किंवा अन्याय. चूक सिद्ध होत नसली तरी अन्याय झाला असेल तर कागद बदलता येतो. आपल्याकडे कागद जळलेले नसतानाही जी वाट सापडत नाही, ती तिथे राखेतून काढली गेली.

यावर एक उदात्त आक्षेप येतो : खरा सैनिक पदकासाठी लढत नाही. अगदी खरे. पण निरपेक्षता हा देणाऱ्याचा गुण आहे. घेणाऱ्याने तिची पळवाट करू नये. 'मी काही मागणार नाही' हे जवानाच्या तोंडी शोभते. 'तो काही मागत नाही' हे सरकारच्या आणि समाजाच्या तोंडी शोभत नाही. शिवाय मागितलेले पदक फक्त एकट्याचे नसते. एका नायकाची अटॅचमेंट सिद्ध झाली की त्याच ताफ्यातल्या बाकीच्यांचाही मार्ग मोकळा होतो. जो गप्प बसतो तो स्वतःपुरता विनम्र असेल, पण न परतलेल्या साथीदाराच्या वाटचेही मौन तोच पाळत असतो.

दुसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा. पदकांच्या नकला बाजारात मिळतात आणि न केलेल्या नोकरीची फीत लावून मिरवणारेही सापडतात. त्यांची गय करू नये. पण चोख नोंद हाच त्यावरचा इलाज आहे. दप्तर ढिले असते तेव्हा खरा आणि खोटा एकाच रांगेत उभे राहतात, आणि त्या रांगेत शरमेने मान खाली घालतो तो खराच.

तेव्हा करायचे काय? सरकारने तीन गोष्टी कराव्यात. निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुकातली प्रत्येक नोंद जवानाला त्याच्या भाषेत वाचून दाखवावी आणि मगच सही घ्यावी. एका अर्जातून चूक निघाली तर त्या काळातल्या त्या तुकडीच्या सर्वांच्या नोंदी रेकॉर्ड ऑफिसने आपणहून तपासाव्यात. आणि 'पुरावा आणा' असे लिहिण्याआधी, आपल्याच ताब्यातली कोणती कागदपत्रे धुंडाळली, हे उत्तरात नमूद करण्याची सक्ती असावी. हे तातडीचे आहे. नियमाप्रमाणे पेन्शनरांची सेवा-कागदपत्रे ५० वर्षे आणि पेन्शनविना आलेल्यांची २५ वर्षेच जपली जातात. त्यानंतर लाँग रोलमधली जुजबी ओळ उरते. १९७१ लढून पुढच्या पाचसात वर्षांत घरी आलेल्यांची मुदत आजच संपते आहे.

बाकीचे आपल्याला करता येण्यासारखे आहे. आपले स्वतःचे सेवा-कागद माहितीच्या अधिकारात मागता येतात; दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत, नकार आला तर अपील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करून देते. तिथेही दाद लागली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे. अडते ते इंग्रजीत अर्ज लिहिण्यापाशी, आर्मी नंबर आणि तारखा नीट मांडण्यापाशी, सोबतच्या दोन साथीदारांना शोधून त्यांचे प्रतिज्ञापत्र घेण्यापाशी. हे काम निवृत्त शिक्षक करू शकतो, कॉलेजची पोरे करू शकतात, नातही करू शकते.

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. आपण छोटा झेंडा छातीला लावतो, डब्यात नोट टाकतो आणि कर्तव्य झाले असे समजतो. निधी हवाच. पण साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारखी, घराघरातून पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसे देणारी गावे ज्या राज्यात आहेत, तिथे त्या दिवशी ग्रामपंचायतीत एक टेबल मांडावे आणि गावातल्या प्रत्येक माजी सैनिकाचे, प्रत्येक वीरपत्नीचे डिस्चार्ज बुक उघडून वाचावे. नाव बरोबर आहे का, पत्नीची नोंद आहे का, जिथे जिथे गेला त्या जागा आहेत का. जे सुटले त्याचा अर्ज तिथेच लिहावा आणि पोच येईपर्यंत पाठपुरावा गावाने करावा, त्या म्हाताऱ्याने नव्हे. त्याने त्याची पाळी केव्हाच भरली आहे. आता पाळी आपली आहे.