पोच

आजचे वाचन : फिलिप्पैकरांस पत्र ४:१०-२०



आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम आभारप्रदर्शनाशिवाय संपत नाही, आणि ते आभार कोणी ऐकतही नाही. वक्ता खाली बसला की लोक चपला शोधायला लागतात. पण तिथे आभार मानतात ते बोलावणारे. बोलायला आलेल्याने घरी गेल्यावर त्यांना काय लिहावं, याचा विचार आपण फारसा करत नाही. तरुणसंघात, भगिनी मंडळात, कुणाच्या घरच्या प्रार्थनासभेत वचन सांगायला आपल्यातले बरेच जण जातात, म्हणून आज याच अंगाने हा उतारा वाचू या.

पौल फिलिप्पैला गेला तो बोलावणं आलं म्हणून. रात्री दृष्टान्तात मकेदोनियाचा एक माणूस त्याला इकडे येऊन साहाय्य कर अशी विनंती करताना दिसला (प्रे. कृत्ये १६). तिथे नदीकाठी काही स्त्रिया प्रार्थनेला जमल्या होत्या, त्यांच्याशी तो बोलला. त्यांतली लुदिया, थुवतीरा गावची, जांभळी वस्त्रं विकणारी. तिने घरी राहण्याचा इतका आग्रह केला की पौलाला नाही म्हणता आलं नाही. पुढे त्याच गावात फटके आणि तुरुंग. आणि त्या तुरुंगाच्या नायकानेच रात्री जखमा धुतल्या, घरी नेऊन जेवू घातलं. प्रवचन केलं पौलाने, पण घेतलंही त्यानेच.

बऱ्याच काळानंतर तो पुन्हा कैदेत आहे आणि फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली आहे. आजचा उतारा त्याचं उत्तर आहे. आता एक गंमत बघा. या अकरा वचनांत “मी तुमचा आभारी आहे” असं वाक्यच नाही! मला प्रभूमध्ये आनंद झाला, तुम्ही माझ्या संकटात सहभागी झालात हे चांगलं केलंत, मला सगळं मिळालं, असं तो म्हणतो. आभार मानतो ते देवाचे, पहिल्या अध्यायात. काहींना हे कोरडं वाटतं. पण पौलाला माणसांचे आभार मानता येत नव्हते असं नाही. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रिस्का व अक्विला यांचे तो थेट आभार मानतो, त्यांनी त्याच्यासाठी जिवाचा धोका पत्करला म्हणून.

मग इथे असं का? मला वाटतं, आपण घरच्यांना “धन्यवाद” म्हणायला जसे संकोचतो, तसं काहीतरी इथे आहे. “आभार कसले मानता, परके आहात का?” असं आपली आजी-मावशी म्हणते ना, तसं. देणं-घेणं या बाबतीत माझ्याशी भागी केली ती फक्त तुम्हीच, असं पौल लिहितो (व. १५). भागीदाराला औपचारिक आभार नको असतात. त्याला पोच हवी असते.

अठराव्या वचनात ती पोच आहे. “सर्व भरून पावले” या अर्थाचा जो मूळ ग्रीक शब्द आहे, तो त्या काळी व्यवहाराच्या पावत्यांवर लिहीत. आम्हा संगणकवाल्यांना हे पटकन कळतं. माहिती पाठवणारी बाजू पोच येईपर्यंत थांबून असते, आणि नाही आली तर तेच पुन्हा पाठवत राहते. माणूस पुन्हा पाठवत नाही, काळजी करत बसतो. एपफ्रदीत मरणाच्या दारी पोचला होता, ही बातमी फिलिप्पैपर्यंत गेली होती. तो बरा झाला की नाही, पैसे पोचले की नाही, त्यांना काय माहीत?

बोलावणाऱ्या मंडळींचंही तसंच असतं. सचिवाने चार ठिकाणी फोन केलेले असतात. कुणी स्टेशनवर घ्यायला येतं, कुणी पहाटे उठून पोळ्या करतं. वक्ता निघून जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या स्टेटसवर माइक धरलेला फोटो दिसतो, “प्रभूने वापरून घेतले” या ओळीसह. फोटोत पोळ्या करणारी नसते. मला हे खटकतं. प्रभूने तिलाही वापरलं होतं की.

पौलाचं पत्र समोर ठेवलं तर आपण काय लिहू? नावं लिहू. त्याने एपफ्रदीताचं नाव लिहिलं, थेस्सलनीकात असताना त्यांनी एकदा नव्हे, दोनदा गरज भागवली तेही विसरला नाही. तिथे आपल्याला काय मिळालं ते लिहू: मागच्या बाकावरच्या आजोबांनी विचारलेला प्रश्न, कुणाची प्रार्थना. पाकिटाचा उल्लेख लपवायचं कारण नाही, पौलही लपवत नाही. पण सतराव्या वचनात तो लगेच सांगतो की मला देणगीची हाव नाही, तुमच्या हिशेबी फळ वाढावं ही इच्छा आहे. म्हणून “पुन्हा संधी द्यावी” हे वाक्य नको. त्या एका वाक्याने पत्राचा अर्ज होतो.

आणि नुसती स्तुतीही नको. याच अध्यायात युवदीया आणि सुंतुखे या दोघींना, एकमनाच्या व्हा, अशी विनंती त्याने नावानिशी केली आहे. आपल्या माणसांनाच असं लिहिता येतं. एका संध्याकाळपुरत्या पाहुण्याला मात्र तो हक्क लगेच मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

प्रार्थना : हे प्रभू, तुझं वचन सांगायला आम्ही गेलो तेव्हा ज्यांनी दार उघडलं, पाणी दिलं, ऐकून घेतलं, त्यांची नावं आज आम्हाला आठवू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.