लेबल झाकून

लेबल झाकून जुनी रेकॉर्ड लावायची आणि गवई ओळखायला सांगायचं, हा बेळगाव-निपाणीकडच्या गाणंवेड्या मंडळींचा लाडका खेळ. अगदी सुरुवातीच्या तबकड्या असतील तर सुई वेळेत उचलावी लागते. कारण त्या काळचे बरेच गायक-गायिका गाणं संपताच आपलं नाव मोठ्याने सांगून टाकत. छपाई जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळावं कसं?

खरखरीतून दोन सूर आले की कोणीतरी म्हणतं, "खाँसाहेब!" आमच्याकडे हा शब्द दिशा बघून घ्यायचा. मिरजेकडे बघून म्हटलं तर अब्दुल करीम खाँ, कोल्हापूरकडे बघून म्हटलं तर अल्लादिया खाँ. लगेच पुढची फोड येते: "किराणा!" इथे मला शंका येते. त्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. एकेक सूर निवांत उलगडणारी जी बढत आज आपण किराण्याची खूण मानतो, ती त्यात मावणार कुठे? ओळखलेला असतो तो अब्दुल करीम खाँचा बारीक, चढा, सुराला चिकटलेला गळा. घराणं आपण मागाहून जोडतो.

अल्लादिया खाँची तर तबकडी बाजारात आलीच नाही. १९४६ साली ते गेले. त्यांची गायकी आपल्याला कळते ती शिष्य-प्रशिष्यांकडून. केसरबाई केरकर आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांचे आवाज एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. (शिवाय मन्सूरांकडे त्यांचे आधीचे गुरू नीलकंठबुवा यांचं ग्वाल्हेर घराणंही होतंच.) तरी दोघांची तान लयीला धरून वळत जाते आणि मुखड्यापाशी अशी येते, की सम आधीपासून ठरलेली वाटावी. गळ्यावरून माणूस ओळखता येतो. घराणं ओळखायचं तर समेपर्यंतची वाट ऐकावी लागते.

एवढं ठरवून बसलं की सुळेभावीचा मुलगा आडवा येतो. बेळगावजवळच्या या गावात १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजे कुमार गंधर्व, लहानपणीच रेकॉर्डी ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं हुबेहूब उभं करत. गळ्याची ढब तीच आणि समेची वाटही तीच. ना गंडा, ना तालीम. देवधर मास्तरांकडची तालीम सुरू झाली ती नंतर. त्या पोराला पडद्याआड बसवलं असतं तर आमच्यातल्या जाणत्यांनी छातीठोकपणे घराणं सांगितलं असतं.

पुढे क्षयाने एक फुप्फुस निकामी केलं, तेव्हा त्यांचं गाणं तुटक झालं, असं सर्रास सांगतात. आजाराचा वाटा असेलच, पण एवढ्यावर भागवणं आळशीपणाचं वाटतं. दोन्ही फुप्फुसं धडधाकट असलेले कितीतरी गायक आज तसेच थांबे घेतात, आणि त्यांचा थांबा नुसता रिकामा राहतो. कुमारांच्या थांब्यात मागचा सूर संपलेला नसतो. पुढचा कुठून येणार याचा अंदाज आपण बांधतो आणि तो बहुधा चुकतो.

म्हणून खेळाचा नियमच बदलावा म्हणतो. नाव, घराणं काही विचारायचं नाही. मधेच सुई उचलायची आणि विचारायचं: आता हा कुठे जाईल?