वळचणीचा हक्क

भोरच्या हिर्डस मावळात किंवा वेल्ह्याच्या (आताच्या राजगड तालुक्याच्या) कानद खोऱ्यात एकदा झड लागली की दिवसच्या दिवस उघडत नाही. चिमण्या, साळुंक्या वळचणीच्या फटीतून कौलाखाली शिरतात, गवत, काड्या, चिंध्या भरतात. मग पाणी तुंबून मागे फिरते, रीपा कुजतात, विष्ठा खाली धान्यात पडते. तेव्हा पाखरांना छपराबाहेर ठेवण्यात क्रौर्य आहे, असे आम्हांला वाटत नाही. ज्याचे घर गळते त्याला दयेचे प्रवचन कुणी देऊ नये.

खरा प्रश्न एवढाच, की फट बुजवायची कधी?

आपल्याकडे कौले परततात ती चैत्र-वैशाखात, पावसाच्या तोंडावर. नेमकी तेव्हाच चिमणीची वीण चालू असते. कुणी पिल्लांसकट घरटे काढून टाकतो. कुणी आत न बघताच फट लिंपतो. आम्हांला हे दुसरे अधिक वाईट वाटते, कारण करणाऱ्याला त्यात काही दिसतच नाही.

अबू दाऊद यांच्या संग्रहात हदीस आहे. प्रवासात काही सहाबांनी एका पाखराची दोन पिल्ले उचलली, तेव्हा आई पंख फडफडवीत घिरट्या घालू लागली. पैगंबरांनी (स.) पिल्ले परत ठेवायला लावली. मिसरमधल्या फुस्तातची आख्यायिकाही आपल्यात सांगतात : अम्र इब्न अल-आस यांच्या तंबूवर कबुतरीने अंडी घातली, म्हणून फौज निघाली तरी तंबू तसाच ठेवला. पण तंबू सोडून जाता येते, वेल्ह्यातले घर कसे सोडणार? आमच्या मते अंडी पडेपर्यंत छपरावर घरमालकाचा पुरा हक्क आहे. अंडी पडली की त्याने थांबायचे. किती? चिमणीची अंडी साधारण बारा-चौदा दिवसांत फुटतात, पुढच्या पंधरवड्यात पिल्ले उडतात. महिनाभराचीच गोष्ट.

वळीव महिनाभर थांबत नाही, असे शेतकरी म्हणेल, आणि त्याचे खरे आहे. म्हणूनच हे काम मार्गशीर्ष-पौषात उरकावे. तेव्हा बहुतेक घरटी रिकामी असतात. तरी आधी हात घालून बघावे. जुनी काडी काढावी, वळचणीला बारीक जाळी ठोकावी, आढ्याच्या फटी चुन्याने भराव्यात, आणि बाहेर भिंतीला एक लाकडी खोके टांगावे. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी अशा खोक्यांचा देशभर प्रचार केला; २० मार्च २०१० रोजी पहिला जागतिक चिमणी दिवस साजरा झाला तो त्यांच्याच पुढाकाराने.

हिवाळ्यात राहूनच गेले, तर घरट्यावरची चार कौले सोडून बाकीचे छप्पर परतावे. त्या कोपऱ्यात काही दिवस बादली ठेवावी लागेल.