एका म्यानातील दोन तलवारी

आमचे चोरखमारा गाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आहे. दोन तोलामोलाच्या माणसांचे एकत्र जमेल काय, असा विषय पारावर निघाला की येथील म्हातारी माणसे त्या जंगलाकडे बोट दाखवतात. एका रानात दोन नर वाघ नांदत नाहीत, मग एका म्यानात दोन तलवारी कशा राहाव्यात? मीही पुष्कळ वर्षे असेच मानीत आलो आणि त्या समजुतीपायी एका मुलाचे नुकसान करून बसलो. म्हणून हा प्रश्न पुन्हा एकदा तपासून पाहावासा वाटतो.

झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक होते. एका वर्षी आमच्या नाटकाला गोड गळ्याचे दोन तरुण मिळाले. दोघेही बरोबरीचे. नाटक बसवणारा मीच. दोघांना एकत्र घेतले तर रुसवेफुगवे होतील, या धास्तीने एकाला मी नायक केले आणि दुसऱ्याला म्हणालो, "तू यंदा थांब, पुढल्या साली तुझी पाळी." "बरं, गुरुजी," एवढेच तो बोलला. पुढले साल आले तोवर त्याने गाणे सोडले होते.

मराठी रंगभूमीने हाच प्रश्न १९२१ साली निराळ्या रीतीने सोडवला होता. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले हे त्या काळचे दोन मोठे गायक नट, आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धी. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै रोजी मुंबईत दोघांनी मिळून खाडिलकरांचे 'मानापमान' केले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. नाटकाचे नावच मानापमान! परंतु विचार केला तर ती निवड मोठी योग्य होती. धैर्यधर तेजस्वी असल्याखेरीज भामिनीचा गर्व उतरणे पटत नाही, आणि भामिनी मानी असल्याखेरीज धैर्यधराच्या पराक्रमाला चव येत नाही. एकाचे गाणे रंगले तर दुसऱ्याचे काही उणे होत नव्हते. उलट त्याला अधिक उंचावरून सूर लावावा लागत होता.

यावर कोणी म्हणेल, देशकार्यासाठी एका रात्री मान बाजूला ठेवणे निराळे आणि रोज एका पंक्तीला बसणे निराळे. आक्षेप खरा आहे. केशवराव त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारले, तेव्हा पुढे काय घडले असते हे कोण सांगणार? रोजच्या सहवासाचे उदाहरण हवे असेल तर अमेरिकेतल्या बास्केटबॉलचे घ्यावे. शकील ओनील आणि कोबी ब्रायंट हे दोन अव्वल खेळाडू १९९६ साली लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघात आले. मैदानावर चेंडू एकच. तो कोणाच्या हाती अधिक राहावा, यावरून दोघांत कुरबूर चाले. तरीही २०००, २००१ आणि २००२ अशी ओळीने तीन अजिंक्यपदे त्यांनी संघाला मिळवून दिली. २००४ साली ओनील दुसऱ्या संघात गेले. म्हातारी माणसे म्हणतील, "पाहा, शेवटी फाटलेच!" फाटले खरे. पण फाटण्याआधीची ती तीन वर्षे खोटी ठरतात काय?

आपल्याकडचे शारदाश्रम शाळेचे दोन विद्यार्थी आठवा. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर, हॅरिस शील्डच्या सामन्यात, विनोद कांबळी यांनी नाबाद ३४९ आणि सचिन तेंडुलकर यांनी नाबाद ३२६ धावा केल्या. भागीदारी ६६४ धावांची. फलंदाजीत एक सोय आहे. चेंडू एकाने मारला तरी पळत धाव काढायची तर दोघांनाही पळावे लागते, आणि साथीदार टिकला तरच आपल्याला खेळता येते. पुढे एकाच्या वाट्याला २०० कसोटी सामने आले, दुसऱ्याच्या वाट्याला १७. एकत्र बहरलेल्यांचे नशीबही सारखेच असावे, असा काही नियम नाही. तथापि ते दोन दिवस दोघांचेही होते, हे कोणी पुसू शकत नाही.

मला वाटते, दोन तारे एकत्र तळपण्याला दोनच गोष्टी लागतात. एकाच्या कामाला दुसऱ्याच्या कामावाचून पुरतेपणा येऊ नये, अशी मांडणी हवी. आणि दुसरा गात असताना गप्प राहण्याची ताकद अंगी हवी. यातली दुसरी गोष्ट ज्याची त्याने कमवायची. पहिली मात्र नाटक बसवणाऱ्याच्या, संघ बांधणाऱ्याच्या हातात असते. तलवारी आपले म्यान आपण शिवीत नाहीत. मी माझ्या वाट्याचे काम टाळले आणि त्याला शहाणपण म्हणत राहिलो.

यंदाच्या मंडईच्या नाटकासाठी पुन्हा दोन चांगले गळे आले आहेत. दोघांनाही तालमीला बोलावले आहे. भांडले तर समजूत घालीन. ज्याने गाणे सोडले त्याच्याही घरी जाऊन आलो. "या वयात आता काय, गुरुजी!" म्हणत तो हसला. पण तालमीची वेळ मात्र त्याने विचारून घेतली.